मधल्या पानाचा फोटो कशाला?

जुनी कॉमिक्स विकणारे मला हे विचारतात, जमवणारे विचारतात, गेल्या गणपतीत भाच्यानेही विचारलं. बाकीची गिऱ्हाइकं मुखपृष्ठाचा फोटो मागतात, पानं पुरी आहेत का ते विचारतात. मी म्हणते, अंक मधोमध उघडा आणि जिथे पिना असतात तिथला फोटो पाठवा. शिवाय कोऱ्या प्रतीपेक्षा वापरून जुनी झालेली प्रत मागते, आणि जो अंक घरात आहे तोच परत घेते. एका विक्रेत्याने तर सरळच विचारलं, "मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे? सगळी इंद्रजाल कॉमिक्स फुकटात मोबाइलवर वाचता येतात."

आजवर "असंच, सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. पण "तुम्हाला बालपण परत विकत घ्यायचंय का?" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. नाही, मला बालपण परत नको आहे. एकदा सगळं सांगते, मग पुन्हा विचारू नका.

आबांचं दुकान तळकोकणातल्या शिरोड्याच्या बाजारात होतं. एका दाराएवढं रुंद. वह्या, पाट्या, पेन्सिली, उदबत्त्या, बरणीत लिमलेटच्या गोळ्या, आणि वर आडव्या बांधलेल्या सुंभावर मधोमध टाकलेले अंक. चांदोबा, अमर चित्रकथा आणि सगळ्यांत जास्त इंद्रजाल. बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचायचे पाच पैसे, घरी न्यायचे दहा. बाकड्यावर मुलगे बसत. मुलींना कुणी मनाई केली नव्हती, पण एकही मुलगी कधी बसली नाही, आणि का बसली नाही हे आमच्या गावच्या कुठल्याही बाईला विचारावं लागणार नाही. मी दुकानासमोरून तीन-तीनदा जायची. एके दिवशी आबांनी मला हाक मारली, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये एक अंक सरकवला आणि म्हणाले, "घरा ने. उद्या दी." पैसे मागितले नाहीत, वहीत नाव लिहिलं. त्या वहीत माझं पान पुढे सात वर्षं चाललं.

आमच्या घरी चांदोबा चालायचा. अमर चित्रकथाही चालायची, कारण अनंत पै यांनी 1967 मध्ये ती सुरू केली तीच मुळी मुलांना आपल्या कथा कळाव्यात म्हणून, हे वडिलांना ठाऊक होतं. 'किशोर' तर शाळेतूनच यायचा. इंद्रजाल मात्र चालत नसे. म्हणून मी ते पडवीत, आजीच्या शेजारी बसून वाचायची. आजीला अक्षरओळख नव्हती. मी वाचून दाखवायची आणि ती चित्रं बघायची.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती शहरातल्या संग्राहकांना कळत नाही. अमेरिकेत ली फॉकने 1936 साली ज्याला फॅन्टम म्हटलं, त्या इंद्रजालच्या नायकाला मराठीत ज्या कुणी वेताळ हे नाव दिलं, त्याने आमच्या भागातल्या मुलांचं काय केलं याची त्याला कल्पना नसणार. शिरोड्याला लागून आरवली आहे, आणि आरवलीचा ग्रामदेव वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांब चामड्याच्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. आणि इकडे माझ्या हातातला वेताळ रात्री जंगलात फिरतो, गोरगरिबांची राखण करतो, आणि पिढ्यान् पिढ्या तोच आहे असं सगळे मानतात. मला दोघांत फरक कधी वाटलाच नाही. आजीने तो घट्ट जांभळा पोशाख बराच वेळ बघितला आणि एकच विचारलं, "आणि ह्येचे बूट कोण बदलता?"

आता त्या पिनांचं. आमच्याकडची हवा खारी. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यात चार महिने पाऊस. लोखंडी पिना वर्षभरात गंजतात, गंज कागदाला लागतो, कागद पिनेभोवती कुजतो आणि मधलं पान सुटून पडतं. इंद्रजालचं मधलं पान गेलं म्हणजे मारामारी गेली. म्हणून नवा गठ्ठा आला की आबा दुपारी दुकान अर्धं लोटून बसत. आधी पिना नखाने सरळ करून उपसत. मग दाभणाने घडीवर तीन भोकं. मग रापणकरांकडून आणलेला जाळ्याचा हिरवा नायलॉनचा दोरा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि गाठ आत, मधल्या पानावर. कणीदार, घट्ट, मच्छीमारांची गाठ. बाहेरून कण्यावर कापडाची पट्टी, खळीने चिकटवलेली. खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. मी कित्येकदा ते समोर उभी राहून बघितलं आहे. तो दोरा कुजत नाही. चाळीस वर्षांनीही कुजणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी दहावीनंतर मुंबईला मामाकडे गेले, मराठी घेऊन एम. ए. केलं. तिथे वाचन बदललं, माणसं बदलली. वेताळाकडे बघायची नजरही बदलली, आणि त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. एक गोरा माणूस कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो आणि जंगलातले बुटके आदिवासी त्याच्या आज्ञेत असतात, ही गोष्ट मोठेपणी जशी दिसायला हवी तशी मला दिसली. इंद्रजालमधलाच बहादुर त्यातल्या त्यात आपला. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी तो लिहायला घेतला, केशरी कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंशी लढणारा. पण तेव्हा मी त्यालाही सूट दिली नाही. बावीस-तेवीस वर्षांची मी कुणालाच सूट देत नव्हते.

डिसेंबर 1989 मध्ये माझं लग्न झालं. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं गावी आलो. नवऱ्याला बाजार दाखवत होते. मासळी, सुकी सुंगटं, मातीची मडकी. आबांचं दुकान मी लांबूनच दाखवून पुढे जाणार होते. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण आबांनी बघितलं.

"बाय गो, इलंस? बरां झालां."

दुकान अर्धं रिकामं होतं. सुंभ होतं, त्याच्यावर काही नव्हतं. आबांनी खाली वाकून फळीखालून एक गठ्ठा काढला. खताच्या गोणीत गुंडाळलेला, वरून तोच हिरवा दोरा. फळीवर ठेवून पंचाच्या टोकाने पुसला.

"ह्या पावसात बंद करतंय दुकान. बाकीचा रद्दीवाल्याक दितलंय. तुझी पुस्तकां मात्र काढून ठेवलंय."

43 अंक. त्यांनी आकडा सांगितला. वही काढून माझ्या नावाच्या पानावर बोट ठेवून सांगितला. जे अंक मी दोनदा, तीनदा नेले होते, ते त्यांनी वहीवरून शोधून वेगळे काढले होते. सात वर्षांच्या नोंदी त्या म्हाताऱ्याने एका बोटाने तपासल्या होत्या.

नवरा शेजारी उभा होता. त्याने कुतूहलाने गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "माझी नाहीत हो ती. आणि आता कोण वाचतं हे?"

हे मी शिरोड्याच्या बाजारात, आबांना, प्रमाण मराठीत म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी तशी बोलले. सात वर्षं "आबानू, नवीन इला काय?" असं विचारणाऱ्या पोरीने "आता कोण वाचतं हे" म्हटलं, आणि ते त्यांना वाक्याआधी भाषेतच कळलं असणार.

आबा म्हणाले, "होय तां. आता कोण वाचतां." गठ्ठा उचलून परत फळीखाली ठेवला. वही मिटली. बरणी उघडून लिमलेटच्या दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, एक मला, एक पाहुण्यांना. मग ते नवऱ्याशी मुंबईच्या पावसाबद्दल बोलत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही असं मी म्हणणार नाही, बघितलं. नेहमीसारखंच बघितलं.

परत जाताना नवरा म्हणाला, "घ्यायची होतीस. मी उचलली असती." त्या माणसाला वेताळाचं काहीच वाटत नव्हतं. ज्याच्यापुढे मला लाज वाटली, त्याला लाजण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

मी याच्यावर खूप वकिली केली आहे. येष्टीत आधीच तीन डाग होते, फणस होता, आंब्याची पेटी होती. डोंबिवलीच्या दीड खोलीत चार माणसं राहत होतो. आणि तत्त्वाचं काय, ज्या गोष्टी मला पटत नव्हत्या त्या मी घरात का ठेवायच्या? ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी माझ्याशी अजून भांडते. म्हणते, तू आता रडतेस, पण मी जे म्हणाले ते खरंच होतं, ते अंक तसेच आहेत, तेव्हाही तसेच होते. मी तिला म्हणते, कुणी तुला वेताळाबद्दल मत विचारलं होतं का? एका माणसाने तुझं नाव लिहिलेलं पान दाखवलं होतं. ती म्हणते, मग तेव्हाच का नाही मागे फिरलीस, बाजार ते घर वीस मिनिटांचा रस्ता होता, आणि आम्ही अजून आठ दिवस गावात होतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आठ दिवसांत मी दोनदा बाजारात गेले आणि दुसऱ्या रस्त्याने गेले.

त्याच वर्षी, 1990 मध्ये, इंद्रजालही बंद पडलं. मार्च 1964 पासून चाललेलं, आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. मी ती बातमी कुठेतरी वाचली आणि त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही. हेही सांगून ठेवते.

गणपतीला गेले तेव्हा दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. आबा मुलीकडे गोव्याला गेले होते. मी रद्दीवाल्याला गाठलं. त्याने सांगितलं, वह्या-वर्तमानपत्रं गेली खाणावळीत आणि भजीवाल्याकडे, "रंगीत पुस्तकां" मात्र एका माणसाने उचलली, तो घाटावर नेऊन विकतो. फळीखालचा गोणीतला गठ्ठा त्यात होता का? त्याला आठवत नव्हतं. त्याच आठवड्यात सुकटीची पुडी घरी आली ती बहादुरच्या पानातून. घडीवर तीन भोकं होती. दोरा नव्हता. आईने सुकट डब्यात ओतली, पान चुलीत गेलं, मी बघत उभी होते. मी हात पुढे केला नाही. घरात नवी सून म्हणून आलेल्या वहिनीसमोर तेलकट कागद मागायची मला लाज वाटली. दुसऱ्यांदा.

आबा दोन वर्षांनी वारले. मी त्यांना पत्र लिहिलं नाही.

तर, मधल्या पानाचा फोटो यासाठी. मला पिना बघायच्या नसतात. मला पिना नसलेल्या बघायच्या असतात. फोर्टच्या पदपथावर, पुण्यात, कोल्हापुरात, जिथे जुन्या पुस्तकांचा ढीग दिसेल तिथे मी अंक उचलते आणि मधोमध उघडते. तो दोरा कुजत नाही, म्हणून. घाटावर गेलेले अंक कुठेतरी असतील तर ते अजून शिवलेले असतील. कोरी प्रत मला नको, कारण आबांकडची प्रत कोरी असूच शकत नाही, ती शंभर हातांतून गेलेली असणार. तोच अंक परत घेते, कारण मी तो अंक घेत नसते, ती प्रत आहे का ते बघत असते. काही विक्रेते मधल्या पानाचा फोटो पाठवत नाहीत, मग न बघताच मागवावा लागतो. असे साठ-पासष्ट झाले आहेत.

सापडला तर काय करणार, हेही भाच्याने विचारलं. मला माहीत नाही. परत कुणाला देणार? फळीखाली ठेवायला ती फळी नाही. कदाचित तो हातात आल्यावर मी पुन्हा तेच वाचेन आणि मला पुन्हा तेच खटकेल. ती मुलगी म्हणेल, बघ, मी सांगत होते.

गेल्या महिन्यात बेळगावहून एकाने फोटो पाठवला. वेताळाचा अंक, मुखपृष्ठ अर्धं गेलेलं, मधल्या पानावर दोन चकचकीत नव्या पिना. पण त्या पिनांच्या मध्ये घडीवर भोकं आहेत. तीन. दाभणाची असावीत इतकी मोठी. कुणीतरी जुनी शिलाई काढून पिना मारल्या असतील, किंवा कुणी दहा अंकांचं बाइंडिंग करून मग सोडवलं असेल. बाइंडरही अशीच भोकं पाडतात. मी अंक मागवला. पट्टी घेऊन भोकांमधलं अंतर मोजलं, आणि मोजल्यावर लक्षात आलं की आबा किती अंतर ठेवत ते मी कधी मोजलंच नव्हतं. कण्यावर कापडाची पट्टी नाही, पण कागद तिथे थोडा निळसर दिसतो. मोरचुदाचा असेल. शाईचाही असेल.

बेळगावच्या माणसाला मी परत लिहिलं आहे. याच गठ्ठ्यातले आणखी असतील तर कळवा, आणि मधलं पान उघडून फोटो पाठवा.