तुम्ही विचारलंत म्हणून: बेबी हेच माझं खरं नाव

"ते घरचं झालं हो, खरं नाव काय?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उत्तर द्यायच्या आधीच हसते. पण हल्ली त्याला एक जोडप्रश्न आलाय, तो नवीन आईबाबांचा. आम्ही बाळाला घरी जे म्हणतो तेच दाखल्यावर टाकलं तर चालेल का, तुम्हाला काय त्रास झाला? सारखं सारखं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

तर खरं नाव बेबी. दाखल्यावर, पासपोर्टवर, बँकेत, सगळीकडे बेबीच. नाव ठरेपर्यंत म्हणून घरच्यांनी बेबी म्हणायला सुरुवात केली, मग कुणाला हे आवडेना कुणाला ते आवडेना, नाव काही ठरलं नाही आणि शाळेत घालताना तोंडात जे बसलं होतं तेच लिहून मोकळे झाले.

त्रास म्हणाल तर सगळ्यात जास्त दवाखान्यात. "नाव?" "बेबी." "अहो बाळाचं नाही, पेशंटचं विचारतोय." हे ठरलेलं. माझी डिलिव्हरी झाली तेव्हा तर कहर, कारण नवीन बाळाला नाव नसतं म्हणून मनगटाच्या पट्टीवर आईचं नाव घालतात, अमुकचं बेबी म्हणून, आणि माझ्या लेकाच्या पट्टीवर आलं 'बेबी ऑफ बेबी'. नर्सला वाटलं आधीच्या शिफ्टवालीने अर्धवटच लिहिलंय, ती फाईल घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, परत फाईलकडे बघितलं आणि शेवटी पट्टीवर आडनाव जाड पेनाने गिरवून गेली. पूर्वी सिनेमात लहान मुलींच्या नावाआधी बेबी लावायचे ना, बेबी नंदा वगैरे, ती मोठी झाली तशी नुसती नंदा झाली. माझ्या बाबतीत काढून टाकायला मागे काही शिल्लकच नाही.

पण म्हणून लाडाचं नाव ठेवूच नका असं मी म्हणणार नाही. माझी अडचण नाव छोटं असण्याची नाही, नाव वय सांगतं ही आहे. बेबी, बाळ, छोटू, पिल्लू ही नावं माणूस केवढा आहे ते सांगतात आणि माणूस तेवढा राहत नाही. मिनू, राजू, पिंकी यांचं तसं नाही, ती नुसती नावं आहेत, सवय झाली की कुणाला काही वाटत नाही. इंग्लंडात जॅक हे मुळात जॉनचं लाडाचं रूप, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये 1995 ते 2008 अशी सलग 14 वर्षं मुलांच्या नावांत तेच पहिल्या नंबरवर होतं आणि आता जॅकला कुणी खरं नाव विचारत नाही. आणि वयाच्या नावालाही अपवाद आहेच की. टिळकांचं मूळ नाव केशव, घरी बाळ म्हणायचे, तर इतिहासात बाळ गंगाधरच राहिले. अर्थात तेवढं कर्तृत्व प्रत्येकाच्या पोरात असेलच असं धरून चालू नका.

"मोठ्या पदावर गेल्यावर कसं वाटेल" ही काळजी मात्र मला फुकटची वाटते. जिमी कार्टरचं कागदावरचं नाव जेम्स अर्ल, पण 1977 साली अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून शपथ घेताना त्याने जिमी कार्टर असंच म्हटलं. काही बिघडलं नाही.

बिघडतं ते वेगळंच आणि ते कुणी विचारत नाही. घरातलं नाव कागदावर गेलं की ते फक्त घरातलं राहत नाही. बघा, राणी एलिझाबेथला लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येईना, त्यातून लिलिबेट झालं आणि ते अगदी जवळचेच लोक वापरायचे. 2021 मध्ये हॅरी-मेगनच्या मुलीचं अधिकृत नावच लिलिबेट ठेवलं, म्हणजे तिला ते आता प्रत्येक फॉर्मवर लिहावं लागणार. माझंही तेच. आजी ज्या नावाने जवळ घ्यायची त्याच नावाने मला क्रेडिट कार्डवाला पोरगा दुपारी झोपेतून उठवतो, "बेबी मॅडम, ऑफर आहे." बाकीच्यांना बाहेरच्या माणसासाठी एक नाव असतं आणि आपल्या माणसासाठी एक, आमच्याकडे दोन्हीला एकच. आईला तर रागवायचीही पंचाईत, इतर आया चिडल्या की लांबलचक पूर्ण नाव घेतात, तिच्याकडे फक्त आवाज वाढवायची सोय होती आणि ती तिने भरपूर वापरली.

मग दोन नावं ठेवावीत का? हो, पण त्याचेही ताप असतात. एका मैत्रिणीचं शाळेच्या कागदावर एक नाव आणि बाकी सगळीकडे लाडाचं. नवऱ्याने प्रेमाने विमानाचं तिकीट काढलं ते लाडाच्या नावाने आणि काउंटरवरची बाई म्हणाली की ही व्यक्ती तुम्ही नाहीच. ती दोन अॅफिडेव्हिटं सोबत घेऊन फिरते, माझ्याकडे एकही नाही, हे मी तिला अधूनमधून ऐकवते. लेकाचं काय केलं विचाराल, तर त्याला एक मोठं नाव दिलं आणि घरी छोटं ठेवलं, पुढे कुठलं चालवायचं ते त्याचं तो बघेल. मोठ्या नावाचं छोटं कधीही करता येतं, छोट्याचं मोठं करायला कागदपत्रं लागतात.

तरीही छोटंच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, फक्त दोन गोष्टी बघा. एक, नावात वय नको. दुसरं, इंग्रजी स्पेलिंग घरात सगळ्यांनी बसून एकदाच पक्कं करा, कारण मिनूचं स्पेलिंग कुणी एक ओ घालून करतं, कुणी दोन, कुणी यू, आणि दाखल्यावर एक, शाळेत दुसरं झालं की एवढ्याशा नावासाठीसुद्धा अॅफिडेव्हिट करत बसावं लागतं.