चुंबक चिकटला नाही, मग काय समजायचं?

भांड्यांच्या दुकानात, भंगारात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एकच चाचणी चालते: चुंबक लावून बघायचा. चिकटला तर ‘लोखंड’, नाही चिकटला तर ‘चांगलं स्टील’. पहिल्या निष्कर्षात थोडं तथ्य आहे. दुसरा मात्र खिशाला चाट लावणारा आहे.

‘चांगलं स्टील’ म्हणजे बहुतेकदा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोखंड भरपूर असूनही त्याला चुंबक धरत नाही, कारण निकेलमुळे त्याची स्फटिकरचना ऑस्टेनाइट प्रकारची राहते आणि त्या रचनेत लोखंडाचे अणू एका दिशेने रांग धरत नाहीत. पण निकेल महाग. म्हणून २०१, २०२ या ग्रेडमध्ये निकेल ४-५ टक्क्यांवर आणून त्याची जागा मँगनीज आणि नायट्रोजनने भरतात. रचना तीच, ऑस्टेनाइट. चुंबक इथेही चिकटत नाही. म्हणजे ज्या फसवणुकीची भीती असते, तीच ही चाचणी पकडत नाही. ३०४ आणि २०२ वेगळे ओळखायचे तर मँगनीज तपासणारं रसायन थेंबभर टाकून बॅटरी लावावी लागते किंवा एक्सआरएफ गनखाली, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राखाली, धरावं लागतं.

उलटंही होतं. अस्सल ३०४ च्या सिंकच्या कोपऱ्यात, खोल ओढून बनवलेल्या डब्याच्या काठाला, बोल्टच्या आट्यांवर चुंबक हलकासा ओढला जातो. थंड अवस्थेत पत्रा ताणला की ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट या दुसऱ्या स्फटिकरचनेत बदलतो, आणि मार्टेन्साइट चुंबकाला धरतं. वेल्डिंगच्या शिवणीवरही तसंच, कारण तडे जाऊ नयेत म्हणून वेल्डमध्ये थोडं फेराइट, म्हणजे चुंबकाला धरणारी आणखी एक स्फटिकरचना, मुद्दाम राखलेलं असतं. असा माल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत पाठवणारे आहेत. त्यांनी पत्र्याच्या सपाट, न वाकवलेल्या भागावर चुंबक लावून बघावा. ४३० ग्रेडला तर चुंबक घट्ट चिकटतो, आणि तेही रीतसर स्टेनलेसच. इंडक्शनच्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटलाच पाहिजे.

नाण्यांमध्येही हीच गंमत. फेरिटिक, म्हणजे फेराइट रचनेच्या स्टेनलेसच्या एक रुपयाच्या नाण्याला चुंबक लागतो. जुन्या क्युप्रोनिकेलच्या नाण्यात २५ टक्के निकेल असूनही ते ढिम्म हलत नाही. निकेल एकटं असताना चुंबकीय असतं. तिप्पट तांब्यात विरघळलं की नसतं.

म्हणून ‘चिकटतो’ आणि ‘चिकटत नाही’ हे दोन खण पुरत नाहीत. न चिकटणाऱ्यांच्या खणात खरं तर दोन उलट स्वभावाचे पदार्थ एकत्र कोंबलेले असतात.

प्रतिचुंबकीय, म्हणजे डायमॅग्नेटिक पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जातात: पाणी, तांबं, चांदी, सोनं, बिस्मथ, ग्रॅफाइट. समचुंबकीय, म्हणजे पॅरामॅग्नेटिक पदार्थ किंचित ओढले जातात: अॅल्युमिनियम, प्लॅटिनम, टंगस्टन, ऑक्सिजन. फरक इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचा आहे. सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतील तर उरतो तो फक्त बाहेरच्या क्षेत्राला होणारा क्षीण विरोध. हा विरोध प्रत्येक पदार्थात असतो, फक्त इतरांत तो झाकला जातो. बहुतेक समचुंबकीय पदार्थांत काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात आणि तो अणू छोट्या चुंबकासारखा वागतो. अॅल्युमिनियमसारख्या धातूत हे काम मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन करतात.

किती ओढलं वा ढकललं जातं त्याचा आकडा म्हणजे चुंबकीय ग्रहणशीलता. दशलक्षांशात मोजली तर पाणी उणे ९, तांबं उणे १०, बिस्मथ उणे १६६. अॅल्युमिनियम अधिक २१ च्या आसपास. मऊ लोखंडाचा आकडा दशलक्षांशात नाही, सरळ हजारांत. हा फरक कोट्यवधी पटींचा आहे, म्हणून बोटांना फक्त लोखंड जाणवतं.

बाकीचे दोन गट घरी ओळखता येतात. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा, शक्यतो ०.००१ चा, आणि २० मिलिमीटर व्यासाचा, १० मिलिमीटर जाड निओडिमियम चुंबक लागतो. काट्यावर १० सेंटिमीटर उंच थर्माकोलचा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर चुंबक चिकटवा. काट्याच्या आत लोखंडी भाग असतात, थेट ठेवलात तर आकडा स्थिर राहत नाही. मग काटा शून्यावर आणा. नमुना हातात धरू नका. लाकडी स्टँडला लावून वरून खाली आणा आणि चुंबकापासून एक मिलिमीटरवर थांबवा. तो चुंबकाइतका रुंद आणि निदान १० मिलिमीटर जाड हवा. आकडा वाढला तर नमुना चुंबकाला खाली ढकलतोय, म्हणजे प्रतिचुंबकीय. आकडा उण्यात गेला तर चुंबक वर ओढला जातोय, म्हणजे समचुंबकीय. बिस्मथचा फरक ग्रॅमच्या दशांशात येतो, अॅल्युमिनियमचा शतांशात. तांबं आणि पाणी ०.०१ च्या काट्यावर जेमतेम कळतात.

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली घाईची. तांबं किंवा अॅल्युमिनियम भरकन खाली आणलं की त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे हलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारी वीज, तयार होतात आणि काटा ढकलल्याचं दाखवतो. हे ग्रहणशीलतेचं माप नाही. नमुना थांबवून दहा सेकंदांनी आकडा वाचा. दुसरी स्थिर विजेची: कोरड्या हवेत अॅक्रिलिक किंवा प्लॅस्टिकची डबी काट्याला खुशाल खोटं बोलायला लावते, आधी ओलसर फडक्याने पुसा. तिसरी सगळ्यात वाईट, लोखंडाचा कीस. हॅकसॉने कापलेल्या तांब्याच्या तुकड्यावर पात्याचे डोळ्यांना न दिसणारे कण राहतात, आणि लोखंड इतकं जोरात ओढतं की मिलिग्रॅमभर कणही तांब्याला ‘समचुंबकीय’ ठरवून टाकतात. कापलेलं तोंड पॉलिश पेपरने घासा, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून धुवा, मगच मोजा. तांबं ‘ओढलं’ जातंय असं दिसलं तर आधी संशय हॅकसॉवर घ्यायचा.

धातूंपेक्षा क्षारांत जास्त मजा आहे, आणि ते कृषी सेवा केंद्रातच मिळतात. मँगनीज सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि झिंक सल्फेट. एकाच मापाच्या चार पातळ डब्या दाबून भरा आणि काट्यावर तपासा. मँगनीजच्या आयनात बिनजोडीचे ५ इलेक्ट्रॉन, लोहाच्या ४, तांब्याच्या १, जस्ताच्या शून्य. बिनजोडीचे इलेक्ट्रॉन ‘न’ धरले तर ओढ अणुगणिक न × (न + २) या हिशेबाने वाढते: ३५, २४, ३, शून्य. मँगनीज सल्फेट ग्रॅमच्या घरात खेचतं. मोरचूद फार तर ग्रॅमच्या दशांशात, कारण त्यात अणुगणिक जोर कमी आणि पाण्याचे रेणू जास्त. झिंक सल्फेट किंचित ढकलतं. तांबं धातू म्हणून ढकललं जातं आणि मोरचुदात ओढलं जातं. म्हणून वर्ग मूलद्रव्याचा नसतो, ते ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेचा असतो. खतासाठीच्या झिंक सल्फेटने ओढ दाखवली तर त्यात लोहाची भेसळ असू शकते.

लोहचुंबकीय पदार्थांत शेजारचे अणू एकमेकांना धरून एका दिशेला वळतात. लोखंड, निकेल, कोबाल्ट ही नेहमीची नावं. शेजारी उलटसुलट वळले आणि हिशेब शून्य झाला तर प्रतिलोहचुंबकीय, उदाहरणार्थ क्रोमियम. उलटसुलट वळूनही एक बाजू वरचढ राहिली तर फेरीचुंबकीय: मॅग्नेटाइट, तसंच स्पीकरमागचा काळा फेराइट (हा लोहाच्या ऑक्साइडचा सिरॅमिक चुंबक, वेल्डमधलं फेराइट वेगळं). १९०७ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी लोहचुंबकाच्या आत छोटे चुंबकित प्रदेश असतात हे मांडलं. उलटसुलट रांगांचा उलगडा लुई नील यांनी केला आणि त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. ट्रान्सफॉर्मरचा सिलिकॉन स्टील पत्रा आणि निओडिमियम चुंबक हे दोन्ही लोहचुंबकीयच, पण पत्रा बाहेरचं क्षेत्र काढताच चुंबकत्व जवळपास विसरतो, म्हणून ‘मऊ’, आणि दुसरा ते वर्षानुवर्षं सोडत नाही, म्हणून ‘कठीण’. कामाच्या दृष्टीने हा मऊ-कठीण भेद वर्गाच्या नावाइतकाच महत्त्वाचा.

ही रांग उष्णतेने मोडते. लोखंडाची ७७० अंश सेल्सिअसला, निकेलची ३५८ च्या आसपास. त्यापुढे दोन्ही समचुंबकीय. गॅडोलिनियम या धातूची ही सीमा २० अंशांजवळ आहे, म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या पहाटे तो लोहचुंबक आणि मे महिन्याच्या दुपारी नाही. साध्या निओडिमियम चुंबकाची सीमा ३१० च्या आसपास असली तरी ८० अंशांपुढेच तो कायमचा अशक्त होऊ लागतो. त्यावर सोल्डरिंग करू नका.

याच सीमेवर साधा राइस कुकर चालतो. तळाच्या मधल्या बटणात मुद्दाम १०३ अंशांच्या आसपास सीमा ठेवलेला फेराइट असतो आणि खालचा चुंबक स्प्रिंगच्या विरोधात त्याला धरून राहतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० च्या वर फारसा जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, फेराइट पकड सोडतो आणि खटका पडतो. बटण आणि भांडं यांच्यात भाताचं शीत अडकलं तर फेराइट भांड्यापेक्षा थंड राहतो, खटका उशिरा पडतो आणि तळाचा भात करपतो. दुरुस्तीला नेण्याआधी बटण आणि भांड्याचा तळ पुसून बघा.