पुण्याच्या रेसकोर्सवरून थेट रिनोला

स्वारगेटहून रिक्षा गोळीबार मैदान ओलांडून कॅम्पात शिरली की पुणं एकदम ऐसपैस होतं. गणपतीचे दिवस, त्यात रेसचा सीझन. एम्प्रेस गार्डनपाशी दादा, माझा आतेभाऊ, उभाच होता. लेकीकडे अमेरिकेत, नेवाडा राज्यात राहून आलेला. आम्हाला पैसे लावायचे नव्हते, घोडे बघायचे होते. पण रेसकोर्स दिसल्यावर दादाला आठवला तो किनो, म्हणजे ८० आकड्यांतून २० काढायचे अशा सोडतीचा तिकडचा कॅसिनोतला खेळ.

"तिथे घोड्यांशिवाय रेस होते," तो म्हणाला.

मूळ चिनी. तिकडे त्याला पांढऱ्या कबुतराचं तिकीट म्हणत. हान राजवटीतल्या एका सेनानीने युद्धाचा खर्च भागवायला तो काढला, अशी आख्यायिका आहे. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. तिकिटावर आकड्यांऐवजी एका जुन्या काव्यातली पहिली ८० अक्षरं असत. त्या काव्यात हजार अक्षरं आणि एकही दोनदा येत नाही, म्हणजे सोडतीला आयतीच सोय! एकोणिसाव्या शतकात चिनी मजुरांबरोबर हा खेळ अमेरिकेत पोचला.

नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, पण लॉटरीला त्या राज्याच्या घटनेचीच बंदी. मग १९३६ मध्ये नेवाडातल्याच रिनो शहरातल्या एका क्लबाने प्रत्येक आकड्याला घोड्याचं नाव दिलं आणि सोडतीला 'रेसहॉर्स किनो' म्हटलं. पुढे १९५१ मध्ये रेसकोर्सबाहेरच्या बेटिंगवर कर आला, तेव्हा घोड्यांची नावं रातोरात गायब. सोडतीला मात्र अजून 'रेस'च म्हणतात.

आपल्याकडचे कायदेही काही कमी मजेशीर नाहीत. घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा मात्र अंमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला.

संध्याकाळी कोथरूडला दादाच्या सोसायटीत आरतीनंतर हाऊजी होती. दादाने पिशवी मागून घेतली, ८१ ते ९० काढून ठेवले, पोरांना कागद वाटले. पाच आकडे निवडा, मी २० काढणार, तीन तरी जुळले तर बक्षीस. खऱ्या किनोत एका आकड्यापासून दहा-पंधरापर्यंत कितीही निवडता येतात आणि जितके जुळतील तसे पैसे. दादा बँक झाला, शेंगदाण्याची चिक्की चलन.

पोरांनी वाढदिवस लिहिले. बहुतेकांचा एक जुळला, काहींचे दोन. गंमत हीच आहे: ८० तून २० निघतात, म्हणून तुमच्या प्रत्येक आकड्याची लागायची शक्यता चारात एक, अगदी हाताशी वाटणारी. पण पाचांतले तीन किंवा जास्त जुळणं दहात एकाहूनही कमी. दहाच्या दहा तर सुमारे ८९ लाखांत एकदा. एका आकड्यावर कॅसिनो बहुधा लावलेल्या पैशाच्या तिप्पट देतं, म्हणजे सरासरीने रुपयातले चार आणे गेलेच. इतका महाग जुगार लोक सोफ्यावर रेलून कॉफी पीत खेळतात!

चिक्कीचा ढीग दादापुढे वाढत होता. तळमजल्यावरच्या काकू चष्म्यातून बघत होत्या. "अहो, यात फुल हाऊस कधी होतं?"

"होईलच असं नाही, काकू. हाऊजीत शेवटी कुणीतरी जिंकतंच. इथे सगळे हरू शकतात."

"मग तुम्ही का नाही हरत?"

दादा हसला. काकूंनी ते दहा आकडे पिशवीत परत टाकायला लावले, चिक्की पोरांना वाटली आणि 'जल्दी फाइव्ह'ची वर्गणी काढायला सुरुवात केली.