पहिल्या पिढीची टियर लिस्ट, तिसरी खेप: अलाकाझाम खाली, झॅपडॉस वर

मंडळी, यादी (कोणता पोकेमॉन किती भारी याची उतरंड) पुन्हा खोडली. मागची नोंद दिवाळीतली. तेव्हा मी छातीठोकपणे लिहिलं होतं की वरची पाच नावं आता हलायची नाहीत. त्यातलं एक हललं, आणि ते नेमकं माझ्या लाडक्याचं निघालं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. हे सगळं पोकेमॉन रेड-ब्लूबद्दल चाललंय, म्हणजे १९९६ साली जपानात आणि १९९८ साली अमेरिकेत आलेला खेळ, १५१ पोकेमॉन, पंधरा टाइप. सामने शोडाउनवर (पोकेमॉन लढवायची ऑनलाइन साइट), सगळे लेव्हल १००, दोन्हीकडे सहा-सहा. म्यूटू आणि म्यू बाद. समोरच्याच्या एकालाच झोपवायचं, एकालाच गोठवायचं. या पिढीत स्पेशल हा एकच आकडा आहे, मारायलाही तोच आणि सोसायलाही तोच. ज्याचा स्पेशल दांडगा त्याला दोन्हीकडून फायदा, हे डोक्यात ठेवलं की अर्धी यादी आपोआप लागते.

उरलेली अर्धी लावताना मात्र घाम निघतो.

माझी पहिली यादी नुसते आकडे बघून केली होती. बेरीज मोठी तो वर. दुसऱ्या वेळी सामने वहीत टिपायला लागलो: कोण आला, काय करून गेला, कशाने मेला. या वेळी वहीत एक रकाना वाढवला, ‘चॅन्सीसमोर काय?’ आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

वरचे तिघे तेच. टॉरॉस, स्नोरलॅक्स, चॅन्सी. या तिघांशिवाय संघ बांधून पाहिला, आठवडाभर मार खाल्ला, गप परत आलो. टॉरॉसबद्दल वेगळं काय सांगायचं? या पिढीत क्रिटिकलची शक्यता मूळ वेगावर ठरते, वेग भागिले ५१२. टॉरॉसचा वेग ११०, म्हणजे साधारण साडेएकवीस टक्के. पाचातला एक फटका दुपटीच्या आसपास बसतो. त्यात हायपर बीमने समोरचा मेला तर दम खायची पाळीही चुकते. स्नोरलॅक्स सावकाश आहे, पण त्याला मारता मारता आपण म्हातारे होतो.

चौथा एक्झेग्युटर, तो जागेवर आहे. स्लीप पावडर लागली तर एक गडी झोपला, आणि या पिढीत झोप सात पाळ्यांपर्यंत लांबते. वर जाग आली ती पाळीही फुकट. काम झालं की एक्सप्लोजन करून सोबत एकाला घेऊन जातो. माझ्याकडून पंचाहत्तर टक्क्यांची स्लीप पावडर दोनातून एकदा चुकते, पण तो दोष एक्झेग्युटरचा नाही, माझ्या पत्रिकेचा.

आता अलाकाझाम. मूळ स्पेशल १३५, मूळ वेग १२०. कागदावर याच्यासारखा देखणा कुणी नाही. शिवाय या पिढीत भूत टाइपचा हल्ला सायकिकला लागतच नाही (लागायला हवा होता, खेळ बनवतानाच घोळ झालाय), आणि डार्क टाइप १९९९ साली गोल्ड-सिल्व्हरमध्ये आला. म्हणजे सायकिकवाल्यांचं राज्य. मग खाली का आणला?

नवा रकाना बघा. अलाकाझामचा सायकिक चॅन्सीला बसतो ११७ ते १३८. चॅन्सीचा एचपी (म्हणजे जीव) ७०३, आणि सॉफ्टबॉइल्डने ती एका दमात ३५१ भरून घेते. सायकिक तीनातून एकदा तिचा स्पेशल पाडतो, त्या आशेवर मी कितीतरी सामने रेटले. आशाच ती. तेवढ्यात तिची थंडर वेव्ह (लकवा आणणारी, म्हणजे पॅरालाइज करणारी चाल) बसली की वेग ३३८ (मूळ १२० चे लेव्हल १०० ला इतके होतात) वरून ८४ वर. ज्याचं सगळं भांडवल वेग, तो १५८ वाल्या स्नोरलॅक्सच्याही मागे. डिफेन्स ४५, पुढचं बोलायलाच नको. वहीत अलाकाझामच्या नावापुढे मी ‘एकाला पॅरालाइज करून गेला’ हेच इतक्या वेळा लिहिलंय की शेवटी नुसता ‘वरीलप्रमाणे’ लिहायला लागलो. वाईट नाही तो. पण पहिल्या फळीतला म्हणताना जीभ अडखळते. ‘ए’मध्ये टाकला, स्टारमीच्या मागे. स्टारमीही तसंच काम करते, पण पाण्यात आणि बर्फात हात घालते, त्यामुळे ऱ्हायडॉन-गोलेम समोर यायला कचरतात.

झॅपडॉसकडे मी इतके दिवस विजेचा पक्षी म्हणूनच बघत होतो. थंडरबोल्ट मारायचा, ऱ्हायडॉन आला की पळायचं. चूक तिथेच होती. चॅन्सीसमोर त्याची खरी चाल ड्रिल पेक. फ्लाइंगचा मार या पिढीत शारीरिक, आणि चॅन्सीचा मूळ डिफेन्स पाच. हिशोब मांडला तर २२० ते २५९. अलाकाझामच्या जवळजवळ दुप्पट, तेही विजेच्या पक्ष्याकडून, चोचीने! एक्झेग्युटरला तर तोच ड्रिल पेक दुपटीने लागतो. चॅन्सीचा आइस बीम त्याला १२२ ते १४४ बसतो, त्याचा एचपी ३८३, म्हणजे तीन-चार खाऊनच मरतो. आणि पॅरालाइज झालाच तर ॲजिलिटी मारायची. या पिढीच्या गणितात तिने वेग मूळ आकड्यावरून दुप्पट होतो, लकव्याची कपात पुसली जाते. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा समोरच्याच्या टॉरॉसआधी माझा लंगडा झॅपडॉस उडाला आणि मी खुर्चीतून उठलो. ऱ्हायडॉनचा प्रश्न आहेच. त्यासाठी शेजारी स्टारमी किंवा एक्झेग्युटर हवा, तो तसाही असतो. झॅपडॉस ‘ए’च्या वरच्या टोकाला.

लकव्यावरून आणखी एक. ज्याला आधीच लकवा आहे तो गोठत नाही, झोपतही नाही. या पिढीत गोठलेला गडी आपणहून कधीच सुटत नाही, समोरच्याने आग फेकली तर सुटतो, आणि समोरचा काय वेडा आहे? म्हणून चॅन्सी विरुद्ध चॅन्सी आइस बीमची रटाळ मारामारी सुरू झाली की मी आता थंडर वेव्ह मुद्दाम खाऊन घेतो. सुरुवातीला उलटं करायचो, जपून जपून बदलायचो, आणि दहातला तो एक आइस बीम बरोबर लागायचा.

आता गेल्या रविवारचा सामना. हा लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दोघांकडे दोन-दोन उरलेले. त्याचा टॉरॉस पॅरालाइज, म्हणजे वेग ७९. माझी चॅन्सी १९८, या घडीला त्याच्यापुढे. मी चॅन्सी आत आणली, येताना बॉडी स्लॅम खाल्ला. ठीक, नॉर्मल टाइपला बॉडी स्लॅमने लकवा होत नाही. पुढच्या पाळीला आधी मी. सॉफ्टबॉइल्ड, पुन्हा ७०३, मग त्याने हायपर बीम मारला तरी, क्रिटिकल बसला नाही तर, जास्तीत जास्त ५२० जाणार, आणि तो एक पाळी दम खात बसणार. सामना माझा. चहाचा कप उचलला.

सॉफ्टबॉइल्ड फेल.

हायपर बीम. चॅन्सी गेली. ती मेली म्हणून त्याला दमही खावा लागला नाही.

मला वाटलं नेट अडकलं. मग लॉग वर सरकवून बघितला. बॉडी स्लॅमनंतर चॅन्सी होती ४४८ वर. ७०३ उणे ४४८, २५५. जुने खेळाडू हसत असतील आता. या पिढीत एचपी पूर्णापेक्षा नेमका २५५ किंवा ५११ ने कमी असेल तर सॉफ्टबॉइल्ड आणि रिकव्हर चालतच नाहीत. हे मी वाचलेलं होतं. कधीतरी वाचलेलं असणं आणि चहाचा कप हातात असताना आठवणं यात फरक आहे. टॉरॉसचा बॉडी स्लॅम चॅन्सीला २५१ ते २९५ बसतो. खेळ त्यासाठी ३९ आकड्यांतला एक उचलतो आणि त्यातल्या फक्त एकाने बरोबर २५५ होतात. तो एक माझ्या वाट्याला.

मॉनिटरच्या कडेला आता चिठ्ठी डकवलीय: चॅन्सी ४४८, १९२. स्टारमी ६८. अलाकाझाम ५८.

खालच्या फळीवर फार वेळ घालवला नाही. जिंक्स आणि गेंगार ‘बी’मध्ये. दोघांचं काम पहिल्याच पाळीला कुणाला तरी झोपवणं. जिंक्सचा लव्हली किस ७५ टक्के, गेंगारचा हिप्नोसिस ६० टक्के, म्हणून जिंक्स थोडी वर. ऱ्हायडॉन ‘बी’, लॅप्रास ‘बी’, क्लॉयस्टर फुटून मरायला बरा. पर्शियनवर माझा जीव आहे, स्लॅश जवळजवळ प्रत्येक वेळी क्रिटिकल बसतो, पण वरच्या तिघांसमोर तो मांजरच राहतो.

आणि चारिझार्ड. यादी मावसभावाला दाखवली. कार्टून हिंदीत बघत मोठे झालेलो आम्ही दोघं. त्याच्या दप्तरावर चारिझार्डचं स्टिकर होतं.

“दादा, डी? चारिझार्ड डी?”

“अरे, या पिढीत आग टाइप बर्फाला अडवत नाही. वर हा उडणारा. म्हणजे ब्लिझर्डसुद्धा याला दुप्पट लागतो.”

“ड्रॅगनला?”

“ड्रॅगन नाहीये तो. फायर-फ्लाइंग. रॉक स्लाइड चौपट. आणि ऐक, रेड-ब्लूमध्ये याला फ्लायसुद्धा शिकवता येत नाही. यलोमध्ये आलं ते.”

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “स्वॉर्ड्स डान्स शिकतो ना?”

शिकतो. आणि एकदा स्वॉर्ड्स डान्स मारून उभा राहिला तर अर्थक्वेक जोरात लागतो, हेही खरं. फक्त क्रिटिकल बसला की ती वाढ मोजली जात नाही, आणि याचा वेग १०० असल्याने क्रिटिकल बऱ्याचदा बसतो. आपल्याच वेगाने आपलंच नुकसान. हे त्याला सांगितलं नाही.

या रविवारी तो चारिझार्ड घेऊन बसणार आहे. मी स्टारमी पहिली ठेवलीय, सर्फ आणि ब्लिझर्ड दोन्ही घेऊन. ऱ्हायडॉन ‘ए’त न्यायचा की नाही ते त्यानंतर.