बारा सामन्यांत वैर बसवायचं कसं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एखादं विद्यापीठ कॉन्फरन्स, म्हणजे आपसात दरवर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, बदलतं तेव्हा बोललं जातं ते टीव्हीच्या पैशांबद्दल. जुनं वैर टिकणार की नाही, हे मात्र बरंचसं भागाकारावर ठरतं.

२०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) मध्ये १६ संघ झाले, म्हणजे प्रत्येकासमोर १५ प्रतिस्पर्धी. कॉन्फरन्समधल्या आठ सामन्यांत एक प्रतिस्पर्धी कायमचा, म्हणजे दरवर्षीचा, आणि सात फिरते ठेवले, तर उरलेले १४ संघ दोन वर्षांत उरकतात. पण मग अलाबामाने दोन जुन्या वैऱ्यांपैकी ऑबर्न राखलं की टेनेसी हातचं जातं. ऑबर्न-जॉर्जिया ही १८९२ पासूनची लढतही दरवर्षी होणार नाही. तीन कायमचे धरले तर १२ संघांसाठी वर्षाला पाचच जागा. दोन वर्षांत दहा होतात, दोघे लटकतात. नऊ सामने घेतले की तीन अधिक सहा बरोबर बसतात: दोन वर्षांत सगळ्यांशी एकदा, चार वर्षांत घरी आणि बाहेर दोन्हीकडे. २०२६ पासून एसईसीत हीच पद्धत.

बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने १८ संघांसाठी वेगळा मार्ग काढला. तिथे फक्त १२ जोड्या कायमच्या आहेत. आयोवाच्या वाट्याला तीन, पेन स्टेटच्या वाट्याला एकही नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. प्रत्येकाला तीन-तीन वैरी असतातच असं थोडंच आहे?

खरी अडचण येते वैरी दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर. नियमित हंगामात सामने १२. नऊ कॉन्फरन्सचे गेले की उरतात तीन. त्या नवांपैकी घरी एका वर्षी चार, दुसऱ्या वर्षी पाच. मोठ्या स्टेडियमवाल्यांना तिकिटांच्या उत्पन्नासाठी घरचे सात सामने हवे असतात. म्हणजे ‘चार’च्या वर्षी उरलेले तिन्ही घरीच, वैऱ्याच्या मैदानावर जायचं ते फक्त ‘पाच’च्या वर्षी. दोघांचंही ‘चार’चं वर्ष एकच निघालं, तर दोघांनाही यजमानपद एकाच वर्षी हवं असतं आणि बोलणी तिथेच अडतात. शिवाय हे तीन सामने कैक वर्षं आधी करारांनी भरलेले असतात. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची वार्षिक लढत २०२३ मध्ये २७-२४ अशा निकालावर थांबली, त्यात या भरलेल्या तारखांचाही वाटा होता.

सामना वाचला तरी त्याचा जुना महिना, नोव्हेंबर, वाचतोच असं नाही. नोव्हेंबरअखेर कॉन्फरन्सच्या सामन्यांनी व्यापलेला असतो. ओरेगन-ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन-वॉशिंग्टन स्टेट हे दोन्ही सामने २०२४ मध्ये १४ सप्टेंबरला झाले. या चारपैकी वॉशिंग्टन स्टेट सोडून तिघांचे वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात. एवढी मोठी लढत आणि बरेच विद्यार्थी अजून कॅम्पसवर आलेलेच नसतात.

उलटही घडतं. टेक्सस ए अँड एमने कॉन्फरन्स बदलल्यामुळे २०११ नंतर बंद पडलेला टेक्सस-टेक्सस ए अँड एम सामना ३० नोव्हेंबर २०२४ ला परतला. टेक्सस १७-७ ने जिंकलं. दोघे आता एसईसीत आहेत, त्यामुळे तारखेसाठी वेगळा करार करावा लागत नाही.