वेगळ्या पाकिटातले एक मत

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा कशावर लिहावे याचा विचार करावा लागला नाही. मैदान, प्रयोगशाळा आणि स्नेहसंमेलन यांविषयी इतर जण लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंविषयी. कोणत्या बाई, हे १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

नागरिकशास्त्र हा तेव्हाही इतिहासाच्या मागे फरफटत येणारा विषय होता. गुण कमी, तासिका कमी, आणि इतिहासाचा भाग रेंगाळला की कात्री लागायची ती नागरिकशास्त्रालाच. बाईंनी मात्र आठवड्यातली त्यांची तासिका कधी कोणाला उसनी दिली नाही. शाळा नगरपालिकेची असल्याने उदाहरणांसाठी त्यांना लांब जावे लागत नसे. त्यांनी एकदा आम्हाला घरून घरपट्टीचे बिल आणायला सांगितले आणि त्यावरची दिवाबत्ती कर, शिक्षण कर अशी एकेक ओळ वाचून घेतली. शिक्षण कराची ओळ आली तेव्हा आपण बसलो आहोत त्या बाकाचा त्या आकड्याशी काही संबंध आहे, हे वर्गाला प्रथमच समजले. जून १९८९ मध्ये आम्ही नववीत आलो, तेव्हा पुस्तक जुन्या छपाईचे होते आणि त्यात मतदाराचे वय २१ असे लिहिलेले होते. ६१ वी घटनादुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये अमलात आलेली होती. बाईंनी तो आकडा पेन्सिलीने खोडायला लावला, समासात १८ लिहायला सांगितले आणि शेजारी घटनादुरुस्तीचा क्रमांकही लिहून घेतला. छापील पुस्तकात आपल्या हाताने कायद्याचा बदल नोंदवायचा असतो, ही कल्पनाच आमच्यासाठी नवी होती. (माझ्या धाकट्या भावाने पुढे तेच पुस्तक वापरले आणि ती नोंद त्याला पाठ होती.)

त्याच वर्षी बाईंनी वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्यायचे ठरवले. तोवर प्रतिनिधी नेमला जात असे, आणि तो बहुधा पहिल्या बाकावरचाच असे. बाईंनी आधी निवडणुकीचा कार्यक्रम फलकावर लावला. अर्ज, छाननी, माघार, प्रचार, मतदान आणि मोजणी या सगळ्यांना तारखा होत्या. अर्जांची छाननी आमच्यातल्याच तिघांनी केली आणि सूचकाची सही नसल्याने एक अर्ज बादही केला. अखेर दोन उमेदवार उरले. हजेरीपटावरून मतदारयादी तयार झाली. मतपत्रिका बाईंनी घरी तयार केल्या होत्या. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी दोरा न ओवलेल्या शिवणयंत्राखालून चालवल्या होत्या, त्यामुळे मधोमध बारीक भोकांची रेघ उमटली होती. रेघेच्या एका बाजूला मतपत्रिका, दुसऱ्या बाजूला तिची स्थळप्रत, आणि दोन्हींवर एकच अनुक्रमांक. मतदाराचा यादीतला क्रमांक फक्त स्थळप्रतीवर लिहायचा आणि ती केंद्राध्यक्षाकडे राहायची. फुलीचा ठसा चित्रकलेच्या तासाला करतात तसा बटाट्याचा होता.

दुपारच्या सुट्टीनंतर, मतदान निम्म्यावर आले असताना, मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला आणि यादीत त्याच्या नावापुढे आधीच खूण झालेली आढळली. त्याच्या नावावर कोणीतरी मत टाकून गेले होते. वर्गात एकच गिल्ला झाला. मतदान रद्द करा, पेटी उघडा, ज्याने हे केले त्याला उभे करा, अशा सूचना चहूकडून आल्या. बाईंनी त्यांतली एकही मानली नाही. त्यांनी शेजारच्या मुलांना विचारून त्या मुलाची ओळख रीतसर पटवून घेतली, त्याला नवीन मतपत्रिका दिली, तिच्या मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असे लिहिले, वेगळ्या कागदावर त्याची सही घेतली आणि त्याने फुली मारून घडी घातलेली ती पत्रिका पेटीत न टाकता एका पाकिटात बंद केली. खऱ्या निवडणुकीतही हेच करतात, एवढेच त्या म्हणाल्या.

मोजणी झाली आणि एक उमेदवार एका मताने हरला. साहजिकच त्याच्या मित्रांनी पाकिटाकडे बोट दाखवले. त्यावर बाईंनी सांगितले, की प्रदत्त मत मोजणीत धरत नाहीत. ते उघडण्याचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यालाही नसतो, तो न्यायालयाचा असतो, आणि त्यासाठी हरलेल्याने निवडणूक याचिका करावी लागते. आपल्याकडे न्यायालय म्हणजे मुख्याध्यापक. हरलेल्या मुलाने त्या रात्री बसून अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनीही तो हसण्यावारी नेला नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी स्थळप्रती मागवल्या, अनुक्रमांक जुळवून खोटे मत शोधले, पाकीट उघडले आणि दोन दिवसांनी फलकावर आपल्या सहीचा आदेश लावला: ‘खोटे मत वगळून व प्रदत्त मत धरून निकालात बदल होत नाही.’

त्या एका वाक्याचे मोल बाईंनी पुढच्या तासाला उलगडून दाखवले. खोटे मत दोघांपैकी एकाला असणार आणि खरे मतही दोघांपैकी एकाला, म्हणजे शक्यता चार. त्या त्यांनी फळ्यावर मांडल्या आणि प्रत्येकीत काय होते ते आमच्याकडून काढून घेतले. चारपैकी तीन शक्यतांमध्ये निकाल तोच राहतो. त्यामुळे आदेश वाचूनही त्या मुलाने कोणाला मत दिले होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. तक्रारीची दाद लागली होती आणि मताची गुप्तताही शाबूत होती. एरवी ‘गुप्त मतदान पद्धती’ ही दोन गुणांची टीप असते. खोटे मत कोणी टाकले याचा शोध बाईंनी वर्गात घेतला नाही. काही पालकांना तो त्यांचा ढिलेपणा वाटला, मला तो कधीच वाटला नाही.

पुढे मी महसूल खात्यात लागलो आणि निवडणुकीची कामे ओघानेच आली. एका विधानसभा निवडणुकीत मी मतदान केंद्राध्यक्ष असताना एक वयस्कर बाई मतदानाला आल्या आणि त्यांच्या नावावर मतदान झालेले आढळले. दोन्ही पक्षांचे मतदान प्रतिनिधी त्यांना “काकू, तुमचं मत झालंय, घरी जा” असे समजावू लागले होते, आणि त्या निघाल्याही होत्या. मी त्यांना थांबवले, ओळखीची खात्री केली, विहित नमुन्यात सही घेतली आणि प्रदत्त मतपत्रिका हाती दिली. मतदान यंत्र आल्यावरही हे मत कागदावरच द्यावे लागते, हे माझ्या शेजारी बसलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मी ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वाचले होते हे खरे, पण पुस्तिका मिळण्याच्या कितीतरी वर्षे आधी ते पाकीट मी पाहिलेले होते. आता निवडणूक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात हा भाग शिकवायला मलाच बोलावतात आणि त्या वेळी मी शिवणयंत्राची गोष्ट सांगतो.

मध्यंतरी शाळेत जाणे झाले. परिपाठात मुले उद्देशिका वाचत होती. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांमध्ये ते बंधनकारक झाले आहे. वाचन खणखणीत होते आणि ऐकून बरे वाटले. परंतु वर्गप्रतिनिधी पुन्हा नेमले जाऊ लागले आहेत, असे कळले. विचारले तर वेळ नाही असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नाही. मतदारयाद्यांचे काम आणि निवडणुकीचे काम शिक्षकांवरच येते, शिक्षण हक्क कायद्यातही त्याला मुभा आहे. म्हणजे निवडणूक शिकवण्याचा तास निवडणुकीच्याच कामात जातो. नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची असते, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून संविधानातच आले. तरीही २०२२ नंतर राज्यातल्या अनेक नगरपरिषदांचा आणि महानगरपालिकांचा कारभार बराच काळ प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात मुलांनी उत्तरपत्रिकेत ‘पाच वर्षे’ असे लिहून पूर्ण गुण मिळवले. बाई असत्या तर त्यांनी समासात पेन्सिलीने काय लिहून घेतले असते, असे मला राहून राहून वाटते.

१९९१ मध्ये दहावी झालेल्या आमच्या तुकडीने मुख्याध्यापकांना एक लेखी प्रस्ताव दिला आहे. वर्गप्रतिनिधींची निवडणूक पुन्हा सुरू करावी. स्थळप्रतीसह छापलेल्या मतपत्रिका, मोहोर, शाई आणि पाकिटे यांचा खर्च आम्ही उचलू आणि मोठ्या वर्गांतल्या मुलांना केंद्राध्यक्षाचे काम शिकवायला आमच्यापैकी दोघे येऊ. अट एकच घातली आहे, की छाननीपासून मोजणीपर्यंतचे सगळे काम विद्यार्थीच करतील आणि वाद झाला तर त्यावर मुख्याध्यापक लेखी आदेश देतील. प्रस्तावाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून यायचे आहे.