उद्या दुसरं विमान आहे का?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या वाढदिवसाला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून, प्रश्न साधारण एकच येतो. "आई-बाबा सध्या आमच्याकडे आलेत. आता त्यांना न्यू जर्सीला ताईकडे पाठवायचंय. चार्टरवाल्याचं तिकीट जवळजवळ निम्म्यात दिसतंय. काढून टाकू का?" मी इथे मँचेस्टरला तिकिटांच्याच धंद्यात आहे, त्यामुळे मला विचारणं साहजिक आहे. "कोण चाललंय त्यावर आहे" असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

खरं चार्टर म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाची बस. टूर कंपनी अख्खं विमान भाड्याने घेते, जागा विकायची जबाबदारी तिची आणि रिकाम्या खुर्चीचा तोटाही तिचाच. उलट रेग्युलर कंपनीचं विमान एसटीसारखं: वेळापत्रक लागलंय म्हणजे नोव्हेंबरातल्या मंगळवारी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सुटायचं. आता ही सीमा पुसट झाली आहे. कॅनडाची एअर ट्रान्सॅट आणि जर्मनीची कॉन्डॉर या दोघी सुट्टीच्या चार्टरमधूनच वर आल्या, पण आज त्या वेळापत्रकाप्रमाणे उडतात आणि पॅकेजशिवाय नुसती तिकिटंही विकतात. नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिकची विमानं २०२२ पासून उडताहेत. तिची तिकिटं पहिल्यापासून वेळापत्रकावरच विकली गेली, तरी आपल्याकडे तिलाही सर्रास 'चार्टरवाली' म्हणतात. म्हणा. तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळतं: भाडं कमी, विमानं मोजकी आणि बाकी सगळ्याचे वेगळे पैसे.

यातलं "विमानं मोजकी" हेच लोक वाचत नाहीत. लंडनहून न्यूयॉर्कला दिवसाला डझनावारी विमानं जातात. ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन, अमेरिकन, डेल्टा, युनायटेड, जेटब्लू. एक रद्द झालं तर संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठल्या ना कुठल्या विमानात बसता, कारण यांच्या आपापसांत भागीदाऱ्या आणि करार असतात. स्वस्तवाल्याचं विमान आठवड्यातून दोनदा-तीनदा असेल, तर तुमची जागा पुढच्या फेरीत. पुढची फेरी भरलेली असेल तर त्याच्या पुढच्या.

ओळखीतल्या एका घरातले आजी-आजोबा उन्हाळ्यात टोरांटोला निघाले होते. विमानात बसून दीड तास झाला, मग बिघाड म्हणून सगळ्यांना उतरवलं. पुढची फेरी तीन दिवसांनी. कंपनीने हॉटेल दिलं, जेवणाची कुपनं दिली, त्यात काही कमी केलं नाही. पण आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत होत्या आणि बॅगा त्या रात्री काही बाहेर आल्या नाहीत. सून फार्मसीत गेली. गोळीचं भारतातलं ब्रँडनाव इथल्या फार्मासिस्टला कळेना. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप कॉल लावला. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दोन. त्या भल्या माणसाने उठून मूळ औषधाचं नाव आणि डोस टाइप करून पाठवला.

कायदा काय म्हणतो? ब्रिटनमधून सुटणारं विमान रद्द झालं तर लवकरात लवकर दुसऱ्या मार्गाने पोचवायची जबाबदारी कंपनीची, वेळ पडली तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. चार्टरलाही हा नियम लागू आहे. पण रात्री नऊला काउंटरवर जी मुलगी उभी असते ती बहुतेक वेळा विमानतळावरच्या कंत्राटदाराची माणूस असते, आणि दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढायची सोय तिच्या संगणकात नसते. हक्क खरा आहे, पण तो हातात पडेपर्यंत तीन दिवस होतात.

भरपाईबद्दलही बरेच गैरसमज आहेत. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशीर झाला, तर ब्रिटनच्या नियमाप्रमाणे माणशी ५२० पौंड. तीन ते चार तासांत निम्मे. इथून जाताना हे कुठल्याही कंपनीला लागू. अमेरिकेहून ब्रिटनला येताना मात्र कंपनी ब्रिटनची किंवा युरोपातली असली तरच. म्हणजे येताना अमेरिकन कंपनीचं महागडं तिकीट घेतलंत तर ही भरपाई नाही, आणि स्वस्तातली युरोपियन कंपनी घेतलीत तर आहे. वादळ, बर्फ वगैरे झालं तर कुणालाच नाही.

आता बॅगा. भारतातून अमेरिकेला थेट जाणाऱ्याला बहुतेक कंपन्या २३-२३ किलोच्या दोन बॅगा देतात. आईबाबा इथे येतात तेव्हा लोणची, मेतकूट, ताईच्या मुलीसाठी शिवलेलं परकर-पोलकं हे सगळं त्या हिशेबाने भरलेलं असतं. इथून पुढे स्वस्तात स्वस्त भाडं पाहिलंत तर त्यात पाठीवरची सॅक सोडून काही धरलेलं नसतं. बॅग वेगळी, जागा निवडायची वेगळी, जेवण वेगळं, आणि शाकाहारी जेवण आधी नोंदवलं नाही तर कदाचित मिळायचंही नाही. दोन माणसांच्या बॅगा, शेजारशेजारच्या जागा आणि जेवणं धरून परत बेरीज करा. निम्म्यातलं तिकीट निम्म्यात राहत नाही, आणि ही बेरीज मांडली की माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण तिथेच गप्प होतात.

आईबाबा अजून भारतातच असतील तर मी वेगळंच सांगते. मुंबई–लंडन, लंडन–न्यूयॉर्क, न्यूयॉर्क–मुंबई असं एकाच तिकिटावर काढा, मध्ये लंडनला महिना-दोन महिने मुक्काम टाका. इथे आल्यावर सुटं तिकीट काढण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडतं, आणि बॅगांचा नियम बहुधा सगळ्या टप्प्यांना एकच लागतो. तो तिकिटावर टप्प्यागणिक छापलेला असतो, तेवढा वाचून घ्या.

एक जुनी गंमत सांगते, कारण स्वस्त तिकिटाची ही हाव आजची नाही. साठ-सत्तरच्या दशकात अटलांटिकवरची भाडी विमान कंपन्या आपसांत ठरवायच्या आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. स्वस्तात जायचं तर चार्टर, आणि चार्टरमध्ये बसायचं तर एखाद्या क्लबचं सभासद असायला हवं. तेही निदान सहा महिने जुनं, आणि क्लब प्रवासाखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी स्थापन झालेला. मग काय, बागकामाचे, पक्षी पाळणाऱ्यांचे क्लब निघाले, सभासदत्वाच्या मागच्या तारखा पडू लागल्या, आणि अधिकारी विमानतळावर लोकांची उलटतपासणी घेऊ लागले. गुलाबाला खत कधी घालतात हे सांगता आलं नाही तर न्यूयॉर्क रद्द! या प्रकाराला वैतागून फ्रेडी लेकर या गृहस्थाने क्लबबिब काही नको म्हणत २६ सप्टेंबर १९७७ रोजी गॅटविक–न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' सुरू केली. ५९ पौंड, रांगेत उभं राहा, तिकीट घ्या, बसा. मोठ्या कंपन्यांनीही भाडी पाडली. फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकरची कंपनी बुडाली तेव्हा हवेत असलेली तिची विमानं माघारी वळवली गेली होती.

स्वस्त अटलांटिकवाल्यांचं बुडणं तेव्हापासून चालूच आहे. प्रायमेरा ऑक्टोबर २०१८, वाव मार्च २०१९. नॉर्वेजियनने २०२१ मध्ये लांबची उड्डाणं बंद केली, आइसलँडची प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये गेली. आणि इथे अस्सल चार्टर उलट जास्त सुरक्षित निघतं, हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. ब्रिटनमध्ये टूर कंपनीकडून घेतलेल्या पॅकेजला 'ॲटॉल'चं संरक्षण असतं: कंपनी बुडाली तर पैसे परत, बाहेर अडकलात तर घरी आणायची सोय. एअरलाइनच्या साइटवरून थेट घेतलेल्या सुट्या तिकिटाला, मग ती एअरलाइन स्वस्त असो की महाग, ते नसतं. तिथे क्रेडिट कार्ड कामाला येतं. १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार असते. डेबिट कार्डाला हा कायदा नाही. एवढं सांगूनही लोक डेबिटनेच पैसे भरतात, पॉइंट नाहीत म्हणून क्रेडिट कार्डच काढत नाहीत. असो.

विमान कुणाचं आणि नाव कुणाचं, हाही घोळ समजून घ्या. १ जुलै २०२५ ला इंडिगोने मुंबई–मँचेस्टर सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी होते. ती ड्रीमलायनर विमानं नॉर्सकडून भाड्याने घेतलेली होती. म्हणजे 'चार्टरवाल्यांच्या विमानात आईला कशी बसवू' म्हणणारे त्याच विमानात आईला मुंबईहून आणत होते. विमान उत्तमच आहे. सुरक्षिततेचे नियम भाड्यावर ठरत नाहीत, त्यामुळे ती भीती डोक्यातून काढून टाका.

मग स्वस्तवाल्यांकडे मी कुणाला पाठवते? चौघांचं कुटुंब, मुलांना डिस्ने दाखवायचंय, ठरलेले दोन आठवडे, एक दिवस इकडेतिकडे झाला तरी ऑफिसात कुणी मरत नाही, अशांना बिनधास्त. फक्त उतरणार कुठे ते बघा. डिस्ने ऑरलँडोला, पण मँचेस्टरहून ट्युई या टूर कंपनीचं ऑरलँडोचं विमान २०२२ मध्ये मेलबर्नला उतरू लागलं, फ्लोरिडातल्या. तिथून डिस्ने शंभर किलोमीटरच्या वर. पॅकेजमध्ये बस असेल तर प्रश्न नाही, नसेल तर गाडीचं भाडं धरा. विद्यार्थी, एकटा माणूस, सॅक घेऊन निघालेला, त्यानेही खुशाल जावं.

लग्न, मुंज, बाळंतपण, परीक्षा, इंटरव्ह्यू, पुढे वेगळ्या तिकिटावरचं विमान, व्हीलचेअर लागणारे आईबाबा: यांतलं काहीही असेल तर रोज उडणारी कंपनी. न्यूयॉर्कला तरी मी दुसरं सांगणार नाही.

आणि रात्री अकराला मला फोन करून "साइटवर लिहिलंय दहाच मिनिटं राहिलीत, पटकन सांग" असं करू नका. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानाचं तिकीट एअरलाइनकडून थेट, प्रवासाच्या सात दिवस किंवा त्याहून आधी घेतलं, तर चोवीस तासांत पूर्ण परताव्यासह रद्द करता येतं; नाहीतर कंपनीने पैसे न घेता तेवढा वेळ भाडं राखून ठेवायचं, हा तिथल्या सरकारचा नियम आहे. तेव्हा घ्या, झोपा, आणि सकाळी तिकिटाची पीडीएफ पाठवा. बॅगांचं पान धरून.